पंधरा ते साठ या वयात किती बायका जातात?

देशाची तब्येत कशी आहे असं विचारलं की लोक बालमृत्यू सांगतात नाहीतर सरासरी आयुर्मान, पण मला सगळ्यात बोलका वाटतो तो तिसराच आकडा, ज्याची पेपरात फारशी बातमी होत नाही. १५ वर्षांच्या १,००० मुली घेतल्या तर त्यातल्या किती साठी गाठायच्या आधीच जातील? हा झाला प्रौढ स्त्रियांचा मृत्यूदर. शिकायचं, कमवायचं, संसार करायचा, मुलं वाढवायची असं सगळं आयुष्य याच पंचेचाळीस वर्षांत असतं, म्हणून या वयातली एक बाई गेली की मागे अख्खं घर विस्कटतं.

बरं, या १,००० मुलींच्या मागे कोणी ४५ वर्षं फिरत नाही. एखाद्या वर्षी प्रत्येक वयोगटात किती बायका गेल्या ते दर घ्यायचे आणि कागदावरच्या १,००० मुलींना त्या सगळ्या दरांमधून एकेक वर्ष पुढे न्यायचं, साठाव्या वर्षापर्यंत जितक्या गळतील तो आकडा. त्यामुळे एखाद्या साथीच्या वर्षी तो पटकन वर जातो आणि पुढच्या वर्षी उतरतोही, आजच्या पंधरा वर्षांच्या पोरीचं भविष्य तो सांगत नाही, त्या वर्षीची परिस्थिती सांगतो.

आता मुख्य गोष्ट. जवळपास सगळ्या जगात बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात. थोडं शरीरामुळे, आणि बरंचसं पुरुषांची तंबाखू, दारू, रस्त्यावरचे अपघात यामुळे. भारतातही आज पुरुषांचा आकडा हजारी दोनशेच्या आसपास धरला तर बायकांचा दीडशेच्या आत येतो. म्हणून जिथे बायका पुरुषांइतक्याच किंवा जास्त मरतात तिथे काहीतरी त्यांचा जीव घेतंय असं खुशाल समजावं. आणि आपल्याकडे अगदी परवापरवापर्यंत तसंच होतं! १९७०-७५ मध्ये पुरुषांचं सरासरी आयुर्मान ५०.५ वर्षं आणि बायकांचं ४९. यात लहान मुलींकडे झालेलं दुर्लक्षही आलं, पण तेवढंच नाही, पार तिशी-पस्तिशीपर्यंत बायकांचा मृत्यूदर पुरुषांपेक्षा जास्त होता. बायका पुढे गेल्या त्या १९८० नंतर, १९८१-८५ ला ५५.७ विरुद्ध ५५.४, म्हणजे जेमतेम. २०१६-२० ला बायकांचं ७१.४ आणि पुरुषांचं ६८.६ झालं होतं.

आम्ही बडोद्याचे लोक रावपुऱ्याच्या टॉवरखालून रोज जातो-येतो, पण तो कोणासाठी बांधलाय हे नव्या पोरांना विचारून बघा. सयाजीराव महाराजांच्या पहिल्या राणी चिमणाबाई, लग्न १८८० चं, १८८५ मध्ये क्षयाने गेल्या, वय विशीच्या आसपास. त्यांच्या आठवणीत १८९६ ला हा टॉवर उभा राहिला. राजवाड्यात राहणारी, वैद्य-डॉक्टर दाराशी असलेली बाई वाचली नाही, कारण क्षयावर औषधच नव्हतं, स्ट्रेप्टोमायसिन आलं १९४० च्या दशकात. दुसऱ्या राणी, त्याही चिमणाबाईच, १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या आणि ऐंशी पार करून १९५८ मध्ये गेल्या. ज्या घरांनी टॉवर बांधले नाहीत तिथे काय झालं असेल ते जुन्या वंशावळीत बघा, किती आजे-पणजोबांच्या नावापुढे दोन-दोन, तीन-तीन बायका दिसतात, पहिली बाळंतपणात गेली, वर्षाच्या आत बिजवराला दुसरी मुलगी दिली.

बाळंतपण. इथे मला जरा थांबायचंय, कारण सगळ्यात मोठा फरक इथे दिसतो आणि तो कसा पडला हेही नीट माहितीये. १९९७-९८ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे ३९८ आया जात होत्या, २०१८-२० मध्ये ९७. पण हा दर एका बाळंतपणाचा धोका सांगतो, बाईला तो दर खेपेला नव्याने घ्यावा लागतो. १९७१ च्या सुमारास बाईला सरासरी पाच मुलं व्हायची, १९९८ ला तीनच्या थोडी वर, आता दोन. साधा गुणाकार केला तरी १९९८ च्या दराने बाळंतपणात जीव जायची शक्यता आयुष्यभरात साधारण ऐंशीत एक निघते आणि २०१८-२० च्या दराने पाचशेत एक. म्हणजे दवाखान्यातली बाळंतपणं, रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिन, रक्ताची बाटली, झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेट यांचं श्रेय आहेच, पण कुटुंब नियोजनाचंही तेवढंच आहे, आणि १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्याचंही, कारण चोरून केलेल्या गर्भपातात किती जणी गेल्या त्याची नोंदच कुठे नाही. २००५ ला जननी सुरक्षा योजना आली, म्हणजे दवाखान्यात बाळंतपण केलं तर बाईला सरकारकडून पैसे, तेव्हा देशात चाळीस टक्क्यांहून कमी बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ च्या सर्व्हेत ८८.६ टक्के.

तरी देश एकसारखा नाही. त्याच २०१८-२० मध्ये दर लाख जन्मांमागे जाणाऱ्या आया केरळ १९, महाराष्ट्र ३३, गुजरात ५७ आणि शेजारचं मध्य प्रदेश १७३! छोटा उदेपूरच्या पुढे हद्द ओलांडली की अलिराजपूर लागतं, बसने काही तासांचं अंतर, आणि राज्याचा आकडा तिप्पट.

हे सगळं मोजतात कसं हाही प्रश्न आहेच. बाळ गेलं तर आईला विचारता येतं, पण बाई गेली तर कोणाला विचारणार? १९८९ मध्ये एक सुंदर युक्ती निघाली, बहिणींना विचारायचं. तुम्हाला सख्ख्या बहिणी किती, त्यातल्या किती पंधरा वर्षांच्या झाल्या, किती हयात आहेत, ज्या गेल्या त्या गरोदर असताना की बाळंतपणात की नंतरच्या सहा आठवड्यांत? एका घरातून चार-पाच आयुष्यांचा हिशोब मिळतो. भारतात मुख्य काम सॅम्पल रजिस्ट्रेशन सिस्टीम करते, निवडलेल्या गावांत आणि वस्त्यांत वर्षभर जन्म-मृत्यू टिपायचे आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या माणसाने घरोघर जाऊन ताडून बघायचे.

मृत्यू मोजला तरी कारण कळेलच असं नाही. २०२० मध्ये नोंदवलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांना डॉक्टरने लिहिलेलं कारण होतं. बाकी ठिकाणी घरच्यांनाच शेवटच्या दिवसांत काय काय झालं ते विचारून डॉक्टर अंदाज बांधतात. आणि घरच्यांना विचारताना बायकांच्या बाबतीत काय लपतं ते जळितांच्या आकड्यांत दिसतं. २००१ सालासाठी संशोधकांनी काढलेला अंदाज १,६३,००० जळून मृत्यू असा होता, पोलिसांच्या नोंदींच्या सहापट, आणि त्यातल्या १,०६,००० बायका, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. स्टोव्हचा भडका, नायलॉनची साडी, आणि कितीतरी वेळा यातलं काहीच नाही. आत्महत्यांचंही तसंच, २०१६ मध्ये जगात ज्या बायकांनी आत्महत्या केली त्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त भारतातल्या होत्या. बाळंतपणातले मृत्यू आपण कमी केले कारण ते कशाने होतात हे मान्य करून प्रत्येक मृत्यूची चौकशी लावली. लग्नानंतर सात वर्षांच्या आत जळून किंवा संशयास्पद गेलेल्या बाईसाठी कायद्यात चौकशी आहे. त्यानंतर ती गेली तर पंचनाम्यात ‘स्वयंपाक करताना भाजून’ एवढंच लिहून फाईल बंद होऊ शकते, आणि आपल्या १,००० मुलींच्या हिशोबात ती नुसती एक वजा होते.