शेतावरचा भोपळा आणि घारग्यांचा भोपळा

दसरा-दिवाळीच्या सुमारास न्यू जर्सीतल्या आम्हा मराठी मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "इथल्या भोपळ्याला मेली चवच नाही!" आणला कुठून म्हणून विचारावं, तर उत्तर ठरलेलं. शनिवारी मुलांना घेऊन शेतावर गेलो, ट्रॅक्टरमागच्या गाडीत पेंढ्याच्या गठ्ठ्यांवर बसलो, मुलांनी हट्टाने सगळ्यांत मोठा भोपळा निवडला, आता त्याचे घारगे करतेय. अगं, तो घारग्यांचा नव्हेच!

आपला लाल भोपळा कसा असतो ते सांगत बसत नाही. डांगर म्हणा, गंगाफळ म्हणा, मंडईत त्याची फोड कापून घेताना विळीला किती जोर लागतो ते तुम्ही पाहिलेलंच आहे. शेतावरचा तो नारिंगी गरगरीत भोपळा मात्र हॅलोविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, नाक-डोळे कोरून आत दिवा लावायला वाढवलेला असतो. कोरणाऱ्याला काय हवं? पातळ भिंत, आत पोकळी, न लवंडणारं बूड आणि वर ऐटदार देठ. हाउडनसारखे वाण निवडले गेले ते याच गुणांसाठी. चव कुणी मागितलीच नव्हती.

माझाही भ्रमाचा भोपळा असाच फुटला. पहिल्या वर्षी तो किसला, गूळ घालून कढईत ठेवला, तर कीस शिजण्याऐवजी पोहायलाच लागला. पाणी आटेना म्हणून कणीक घातली, मग आणखी घातली. शेवटी ताटात आल्या त्या गोडसर पुऱ्या, आणि दातांत भोपळ्याचे दोरे. चांगल्या भोपळ्याचा कीस स्वतःच्याच पाण्यात शिजून गोळा होतो, त्यात मावेल तेवढीच कणीक घालायची असते.

एकदा पोळलेली माणसं मग म्हणतात, "मोठा नको, लहान घेऊ." खरा घोळ इथे आहे. लहान म्हणजे कोवळा आणि कोवळा म्हणजे गोड, हे गणित काकडीचं. कोरायच्या वाणाचा लहान भोपळा लहान असला तरी तसाच पाणचट निघतो. तिथे 'पाय पम्पकिन' (पाय म्हणजे सारण भरून भाजलेला अमेरिकन गोड पदार्थ) किंवा 'शुगर पम्पकिन' अशी पाटी लावून एक वेगळा वाण ठेवलेला असतो. तो साधारण ४ ते ८ पौंडांचा, गराने भरलेला. कोरायच्यापेक्षा कितीतरी बरा, पण आपला तोही नाही. कारण हे दोघंही एकाच जातीचे, कुकुर्बिटा पेपो. आपल्या मंडईतला लाल भोपळा बहुतेक वेळा कुकुर्बिटा मोस्काटा असतो. ही जातच वेगळी.

ओळखायचं देठावरून. रंग विसरा, आकार विसरा, खाली वाका आणि देठ बघा. पेपोचा देठ कडक, खोल खाचांचा, कंगोरे हाताला टोचणारे. मोस्काटाचाही कडकच, पण फळाला जिथे चिकटतो तिथे घागऱ्याच्या घेरासारखा पसरलेला. आणि देठ बुचासारखा जाड, गोल, मऊसर असेल तर ती तिसरी जात, मॅक्झिमा. जत्रेत वजनाची बक्षिसं मिळवणारे राक्षसी भोपळे तिच्यातले. (देठाला धरून भोपळा उचलू मात्र नका. तुटला की तिथूनच सडतो.)

शेतावर मोस्काटा शोधायचा तर कोठाराजवळच्या फळ्यांवर बघा. बटरनट तिथे असतोच, पण माझी पसंती 'लाँग आयलंड चीज' या भोपळ्याला. चपटा, फाकींचा, फिक्या बदामी रंगाचा. चीजच्या चाकासारखा दिसतो म्हणून हे नाव, चीजशी बाकी संबंध नाही. कापलात की आत तोच आपला केशरी गर. मुलं याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, कारण तो फोटोत फिका येतो. फोटोसाठी नारिंगी घ्या ना, कोण नको म्हणतंय! अमेरिकन लोक तरी पायमध्ये नारिंगी भोपळा कुठे घालतात? त्यांच्या लिबी कंपनीच्या डब्यातला तयार गर डिकिन्सन नावाच्या वाणाचा असतो, आणि तोही बदामी सालीचा मोस्काटाच.

नवरात्रात उपासाचं भरीत करायचं असेल तर चीज भोपळाच घ्या. वाफवून कुस्करा, दही आणि दाण्याचं कूट घाला, वरून तूप-जिऱ्याची फोडणी. दालचिनी घालायचा मोह होईल, तो आवरा.

राहिले टोपलीतले ते इवलेसे, खडबडीत, हिरवे-पिवळे शोभेचे भोपळे. ते टेबलावरच ठेवा. त्यांत कडू दुधीतलंच कुकुर्बिटासिन हे विषारी कडू द्रव्य असू शकतं. आणि खायचा म्हणून आणलेलाही भोपळा जिभेला कडू लागला, तर गूळ वाढवू नका. घास थुंका आणि कढई रिकामी करा.