कृत्रिम खुब्याच्या सांध्यातील जंतुसंसर्ग

झिजलेला किंवा मोडलेला खुब्याचा सांधा काढून धातू, प्लॅस्टिक वा सिरॅमिकचा सांधा बसवल्यावर त्याच्याभोवती जंतूंनी ठाण मांडले, तर त्याला कृत्रिम सांध्याचा संसर्ग म्हणतात. पहिल्यांदाच केलेल्या शस्त्रक्रियांपैकी साधारण १ ते २ टक्क्यांत तो होतो. सांधा पुन्हा बदलावा लागलेल्यांत, तसेच आटोक्यात नसलेला मधुमेह, अतिस्थूलता, धूम्रपान किंवा संधिवातासाठी स्टेरॉइड चालू असलेल्यांत हे प्रमाण वाढते.

हा संसर्ग नुसत्या गोळ्या-इंजेक्शनांनी का जात नाही, याचे उत्तर बायोफिल्ममध्ये आहे. जंतू धातूला चिकटतात आणि स्वतःभोवती एक बुळबुळीत थर विणतात. आतले जंतू जवळजवळ वाढायचे थांबतात. बहुतेक प्रतिजैविके वाढणाऱ्या जंतूंवरच चालत असल्याने रक्तात औषधाची मात्रा पुरेशी असूनही थरातले जंतू तगून राहतात. औषध चालू असेपर्यंत पू आणि ताप कमी होतो, ते बंद केले की दुखणे परत येते. हा थर काही दिवस ते काही आठवड्यांत पक्का होतो, म्हणून संसर्ग किती जुना आहे यावरच उपचाराची दिशा ठरते.

सर्वाधिक आढळणारे जंतू म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि त्वचेवर एरवी निरुपद्रवी राहणारा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस. त्याखालोखाल स्ट्रेप्टोकोकस, एन्टरोकोकस, ई. कोलाय, स्यूडोमोनास येतात. पहिल्या चार आठवड्यांतला संसर्ग बहुधा शस्त्रक्रियेच्या वेळीच शिरलेला असतो. मंद जंतू मात्र महिनोन्‌महिने गप्प राहून नंतर त्रास देतात. तिसरा प्रकार रक्तावाटे येतो: वर्षानुवर्षे उत्तम चाललेला खुबा पायावरची जखम, दाताचा गळू किंवा लघवीच्या संसर्गानंतर एकाएकी दुखू लागतो.

लक्षणे : शस्त्रक्रियेनंतर पाच-सात दिवस उलटूनही जखमेतून पाणी झिरपत असेल, तर ते वरवरचे समजून ड्रेसिंग बदलत राहणे धोक्याचे आहे. जुनाट संसर्गात ताप बहुधा नसतोच. रुग्ण सांगतो, की ऑपरेशननंतर जांघेतले दुखणे कधी पूर्ण थांबलेच नाही आणि रात्री पडल्यावरही ठणकते. मांडीवर पू वाहणारे, थेट सांध्यापर्यंत गेलेले छिद्र दिसले, तर निदानासाठी वेगळ्या पुराव्याची गरज उरत नाही.

निदान : पहिली पायरी रक्ततपासणीची. सीआरपी आणि ईएसआर या शरीरातील दाह दाखवणाऱ्या दोन तपासण्या आहेत. जुनाट संसर्गात सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा आणि ईएसआर तासाला ३० मिलिमीटरपेक्षा जास्त असल्यास संशय बळावतो. काही प्रयोगशाळा सीआरपी डेसिलिटरमध्ये देतात. तिथला १ म्हणजे इथला १०, त्यामुळे एकक न पाहता आकडा वाचला तर घोळ होतो. शस्त्रक्रियेमुळेही सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठतो आणि काही आठवड्यांत खाली येतो. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत एकट्या आकड्यापेक्षा उतरलेला सीआरपी पुन्हा चढतोय का, हे पाहायचे. मंद जंतूंच्या संसर्गात दोन्ही तपासण्या नॉर्मल येऊ शकतात. एक्स-रे कित्येकदा निर्दोष दिसतो आणि बसवल्यानंतर लवकर सैल झालेला, मांडीच्या हाडात बसवलेला दांडा हीच त्यातली मुख्य खूण असते.

खरी तपासणी म्हणजे सांध्यातले पाणी काढणे. रुग्णाची प्रकृती गंभीर नसेल, तर त्याआधी प्रतिजैविके किमान दोन आठवडे बंद हवीत. खुबा खोल असल्याने सुई सोनोग्राफी किंवा सी-आर्म (हलता एक्स-रे) यंत्राखाली टाकतात. भूल फक्त कातडी आणि स्नायूपुरती द्यावी, कारण लिग्नोकेन हे भुलीचे औषध सांध्यात गेले तर ते जंतू मारते आणि कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) खोटेच निगेटिव्ह येते. निघालेले पाणी पेशी मोजण्यासाठी ईडीटीए हे गोठू न देणारे रसायन असलेल्या जांभळ्या टोपणाच्या नळीत आणि कल्चरसाठी ब्लड कल्चरच्या बाटलीत लगेच घालतात. सुई कोरडीच आली तर निर्जंतुक सलाईन सोडून परत ओढता येते, पण ते फक्त कल्चरला चालते, पेशींची मोजणी त्यात निरर्थक ठरते. जुनाट संसर्गात मायक्रोलिटरमागे ३,००० पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यांत ८० टक्क्यांहून अधिक न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) हे संसर्गाकडे बोट दाखवतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत या मर्यादा १०,००० आणि ९० टक्के अशा वर सरकतात.

शस्त्रक्रियेत सांध्याभोवतीच्या ऊतीचे पाच तुकडे, प्रत्येक वेळी नवे हत्यार वापरून, वेगवेगळ्या डब्यांत पाठवावेत. दोन तुकड्यांत एकच जंतू सापडला तर निदान पक्के. एकातच त्वचेवरचा जंतू आला तर तो बाहेरून मिसळलेला असू शकतो. जखमेच्या तोंडावरून कापसाने घेतलेला स्वॅब आतल्या जंतूंबद्दल दिशाभूल करतो. कल्चर १४ दिवस ठेवायला प्रयोगशाळेला आवर्जून सांगावे लागते, नाहीतर नेहमीप्रमाणे दोन-तीन दिवसांत ‘नो ग्रोथ’ असा रिपोर्ट येतो. भारतात त्याच वेळी क्षयरोगाच्या जंतूंसाठीही नमुना पाठवणे शहाणपणाचे, कारण खुब्याचा क्षय इथे आजही दिसतो.

जखम झिरपते म्हणून नमुना घेण्याआधीच गोळ्या सुरू करणे ही या आजारातली सर्वांत महाग पडणारी घाई आहे. जंतू दबतो, मरत नाही, आणि कल्चरमध्ये उगवत नसल्याने पुढचे सगळे औषध अंदाजाने द्यावे लागते. रक्तदाब कोसळत असेल, जंतू रक्तात पसरल्याची चिन्हे असतील, तर मात्र ब्लड कल्चर घेऊन औषध लगेच सुरू करायचे.

उपचार : शस्त्रक्रियेला चार आठवड्यांपेक्षा किंवा नव्या लक्षणांना तीन आठवड्यांपेक्षा कमी काळ झाला असेल आणि सांधा घट्ट बसलेला असेल, तर तो ठेवून आतली सफाई करता येते. जखम पूर्ण उघडून मेलेली ऊती काढतात, ६ ते ९ लिटर सलाईनने धुतात आणि गोळा व वाटीतले अस्तर बदलतात. अस्तर न काढता धुतले तर त्याच्या मागचा थर तसाच राहतो.

जुन्या संसर्गात सांधा काढावाच लागतो. एकाच बैठकीत जुना काढून नवा बसवण्याची पद्धत १९७० च्या दशकात हॅम्बुर्गच्या एन्डो-क्लिनिकमध्ये बुखहोल्त्स यांनी जेंटामायसिन हे प्रतिजैविक मिसळलेल्या, सांधा हाडात पक्का करणाऱ्या सिमेंटच्या आधारे रुजवली. त्यासाठी जंतू आधीच ओळखलेला आणि भोवतालची ऊती चांगली असावी लागते. दोन टप्प्यांत आधी सांधा व सगळे सिमेंट काढून प्रतिजैविकयुक्त सिमेंटचा स्पेसर (जागा भरून ठेवणारा तात्पुरता ठोकळा) ठेवतात आणि बहुधा ६ ते १२ आठवड्यांनी नवा सांधा बसवतात. नवा सांधा पक्का करताना ४० ग्रॅम सिमेंटमध्ये औषध १-२ ग्रॅमच्या वर गेले तर सिमेंट कमकुवत होते. स्पेसर तात्पुरता असल्याने त्यात बरेच जास्त घालतात, म्हणून मूत्रपिंडाचे काम दाखवणारी क्रिएटिनिन ही रक्ततपासणी करत राहावे लागते. स्पेसर निखळतो किंवा मोडतो, हाही नेहमीचा त्रास. ब्रिटन आणि स्वीडनमधील २०२२ च्या इन्फॉर्म चाचणीत १८ महिन्यांनी दोन्ही पद्धतींचे निकाल सारखे दिसले, पण एका टप्प्यातले रुग्ण सुरुवातीच्या महिन्यांत बरे होते.

औषध किती दिवस, यावर फ्रान्समधील २०२१ च्या अभ्यासाने प्रकाश टाकला: सहा आठवडे घेणाऱ्यांपैकी १८.१ टक्क्यांत संसर्ग टिकला, बारा आठवडे घेणाऱ्यांत ९.४ टक्क्यांत. स्टॅफिलोकोकसवर रिफॅम्पिसिन बायोफिल्मपर्यंत पोहोचते, पण ते एकटे दिले तर जंतू झपाट्याने दाद देईनासा होतो. म्हणून जोडीला लेव्होफ्लॉक्सासिनसारखे दुसरे औषध हवे आणि जखम कोरडी झाल्यावरच रिफॅम्पिसिन सुरू करावे. त्याने लघवी केशरी-लाल होते, रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉर्फरिनचा परिणाम घटतो. हे क्षयावरचेही औषध असल्याने क्षय नाही याची खात्री केल्याशिवाय दिल्यास लपलेला क्षय अर्धवट दाबला जाऊन औषधाला जुमानेनासा होण्याची भीती असते.

वारंवार संसर्ग उलटला, हाड उरले नाही किंवा पुन्हा मोठी शस्त्रक्रिया झेपणारी नसली, तर सांधा काढून जागा तशीच ठेवतात. ऑक्सफर्डच्या गर्डलस्टोन यांच्या नावाने ही शस्त्रक्रिया ओळखली जाते. पाय काही सेंटीमीटर आखूड होतो आणि कुबडी किंवा वॉकर लागतो, पण बहुतेकांचा पू थांबतो आणि दुखणे सुसह्य होते. शस्त्रक्रिया अजिबातच शक्य नसलेल्यांना डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी दीर्घकाळ देऊन संसर्ग दाबून ठेवतात.