दहावी पास, तरी विज्ञानात कोरे : पार्श्वभूमी

मुंबईत ज्या घरांतला सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस आला, त्या घरांत गळतीच्या वेळी काय करायचे याचे नियमही बदलायला हवे होते. सिलिंडरमधला गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. त्यांची रेणुवस्तुमाने 44 आणि 58, हवेचे सरासरी 29. म्हणून हा गॅस गळला की खाली बसतो, ओट्याखाली साचतो, दाराच्या फटीतून पुढच्या खोलीत सरकतो. पाइपमधून येतो तो बहुतांशी मिथेन. त्याचे रेणुवस्तुमान 16, त्यामुळे तो वर चढून छताशी साठतो. पहिल्यासाठी दार सताड उघडायचे, दुसऱ्यासाठी वरची खिडकी किंवा झरोका. विजेच्या बटणाला दोन्ही वेळा हात लावायचा नाही. गॅस बाहेर जावा म्हणून एक्झॉस्ट पंखा लावणे ही तर सर्वांत धोक्याची चूक, कारण ठिणगी तिथेच पडते.

आजच्या राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात रेणुवस्तुमान काढायला नववीत शिकवतात, तर मिथेन, प्रोपेन, ब्युटेन दहावीच्या कार्बनी संयुगांच्या धड्यात भेटतात. म्हणजे 16 हा आकडा दहावी झालेल्या माणसाच्या वहीत कधी ना कधी येऊन गेलेला असतो. तरीही वास आल्यावर आधी काय उघडायचे, हे बहुतेकांना सांगता येत नाही.

शाळाच अर्धवट सुटली त्यांचा प्रश्न वेगळा आणि जास्त गंभीर आहे. हे टिपण दहावी पास झालेल्यांपुरते आहे. त्यांना प्राथमिक विज्ञान का येत नाही, याची दोन उत्तरे नेहमी दिली जातात: शाळा वाईट, नाहीतर समाज अंधश्रद्धाळू. दोन्हींत तथ्य आहे, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. महाराष्ट्रात दहावीपर्यंत विज्ञान सक्तीचे होऊन सुमारे पन्नास वर्षे झाली. या काळात विज्ञान-गणितावर जे निर्णय सर्वांत जास्त गाजले, ते जवळजवळ सगळे किती गुणांना पास करायचे याबद्दलचे होते. शिकलेले चाळिशीपर्यंत टिकते का, हा प्रश्न धोरणाच्या टेबलावर क्वचितच आला.

मुंबईत मराठीतून विज्ञान पोचवण्याची धडपड जुनी आहे. 1840 साली इथून निघालेल्या मराठी मासिकात भूगोल, रसायन, पदार्थविज्ञान हे विषय असत. 1857 मध्ये विद्यापीठ आले आणि विज्ञानाची उच्च शिक्षणाची भाषा इंग्रजी ठरली, ती आजतागायत. मधल्या शंभर वर्षांत विज्ञान हा मूठभरांचा विषय राहिला.

खरा फरक पडला तो 1964–66 च्या शिक्षण आयोगामुळे. पहिली दहा वर्षे प्रत्येकाला विज्ञान आणि गणित, ही त्याची शिफारस. त्याआधीच्या अकरावी मॅट्रिकच्या पद्धतीत विषय निवडायची मोकळीक बरीच होती. महाराष्ट्रात नव्या (10+2+3) आकृतिबंधाची पहिली दहावीची परीक्षा 1975 मध्ये झाली. पुढच्याच वर्षी झालेल्या 42 व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. मुंबईत त्या सुमाराची हवाच तशी होती. मराठीतून विज्ञानप्रसार करणारी संस्था 1966 पासून काम करत होती, विज्ञानशिक्षणावर संशोधन करणारे केंद्र 1974 मध्ये सुरू झाले, वरळीचे तारांगण 1977 मध्ये आणि त्याच भागातले विज्ञान केंद्र 1985 मध्ये. या सगळ्यांनी मनापासून काम केले. पण त्यांच्याकडे येणारा मोठा लोंढा शाळेच्या सहलींचा असतो. सहलीला गेलेली मुलगी पुन्हा तिथे जाते ती स्वतःच्या मुलांना घेऊन, वीसेक वर्षांनी. मधला काळ मोकळा.

दृष्टिकोन आणि ज्ञान यांचीही गल्लत झाली. सार्वजनिक चर्चेत अंधश्रद्धा निर्मूलनाला मोठी जागा मिळाली, आणि महाराष्ट्रात त्याची किती गरज होती व आहे, हे वेगळे सांगायला नको. पण चमत्कार खोटा आहे हे पटणे वेगळे आणि जे दिसले ते कशामुळे दिसले हे सांगता येणे वेगळे. 18 ऑगस्ट 2006 च्या संध्याकाळी माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी गोड झाल्याची बातमी पसरली आणि हजारो लोक बाटल्या भरून ते पाणी प्यायले. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्याची घनता गोड्या पाण्यापेक्षा अडीच-तीन टक्क्यांनी जास्त असते. भर पावसाळ्यात मिठी नदीचे पाणी खाडीत उतरते. ते हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर थर धरून राहते, आणि किनाऱ्यावर ओंजळीत येतो तो हाच वरचा थर. तो कमी खारट लागणार यात नवल काही नाही. धोका दुसराच होता: मिठीचे पाणी म्हणजे वाटेतल्या सगळ्या नाल्यांचे पाणी. हा चमत्कार नव्हे, एवढे म्हणणारे त्या दिवशीही बरेच होते. मग चव का बदलली, हे घनतेच्या भाषेत सांगू शकणारे थोडे. घनता सगळेच शाळेत शिकले होते.

मोजमापाचाही एक इतिहास आहे. प्रौढांचे विज्ञानज्ञान मोजायला परदेशात काही ठराविक विधाने वापरली जात: इलेक्ट्रॉन अणूपेक्षा लहान असतात, प्रतिजैविके जिवाणूंबरोबर विषाणूही मारतात, मूल मुलगा की मुलगी हे वडिलांच्या गुणसूत्रावर ठरते. चूक की बरोबर, एवढेच सांगायचे. भारतातल्या संशोधकांनी 1989 मध्ये प्रयागच्या कुंभमेळ्यात अशा पाहण्या सुरू केल्या आणि वेगळा मुद्दा मांडला. काही कल्पना रोजच्या जगण्याच्या जवळ असतात, काही लांब, आणि हे अंतर जितके जास्त तितकी ती रुजायला अधिक शालेय वर्षे लागतात. हा विचार आपल्याकडच्या अभ्यासक्रमात उतरला असता तर कोणता भाग किती वेळा, किती वर्षांनी पुन्हा घ्यायचा हे त्यावरून ठरले असते.

वर्गात होते ते असे. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ हा आपल्या प्रश्नपत्रिकेतला जुना, खरे तर फार चांगला प्रश्नप्रकार. पण कारणे धड्याबाहेरची विचारली तर पालक तक्रार करतात, म्हणून धड्यातलीच येतात. ती गाइडमध्ये क्रमांकासह छापलेली असतात आणि मुले ती कवितेसारखी पाठ करतात. दोन धड्यांना जोडणारा प्रश्न तर येतच नाही. म्हणून नववीतले रेणुवस्तुमान आणि दहावीतला मिथेन एकमेकांना कधी भेटत नाहीत, आणि हवेचे 29 दोन्हीकडे निसटते.

प्रात्यक्षिकांचे दुखणे त्याहून मोठे. साठ मुलांच्या वर्गाला साहित्याचे चार-पाच संच असले की गटातला एक जण हात घालतो, दोघे बघतात, बाकीचे रीडिंग उतरवतात. ओहमच्या नियमाच्या प्रयोगात व्होल्टमीटर आणि अॅमीटर वाचून दोन्हींचे गुणोत्तर काढायचे असते. ते सारखे येत नाही, कारण तारांची टोके घासून साफ केलेली नसतात, प्लग की सैल असते आणि जास्त वेळ प्रवाह चालू ठेवल्याने तार तापून तिचा रोध वाढतो. वाचन का बिघडले हे शोधण्यातच विज्ञान आहे. जर्नलमध्ये मात्र मागच्या वर्षीचे, नीट जुळणारे आकडे जातात आणि सही होते. परीक्षा शाळेतच असते, तिचे 20 गुण निकालात धरले जातात आणि ते सढळ हाताने दिले जातात. रात्रशाळांत अडचण आणखी, कारण प्रयोगशाळेची किल्ली दिवसाच्या शाळेकडे.

आता पास-नापासाकडे. सामान्य गणिताचा सोपा पर्याय काही वर्षे होता, तो 2017–18 पासून नववीपासून बंद होत गेला. 2010 मध्ये सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरून टक्केवारी काढायचा निर्णय झाला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. चर्चा अकरावी प्रवेशात कोणत्या मंडळाच्या मुलांवर अन्याय होतो याभोवती फिरली. विज्ञानाचे गुण सर्वांत कमी असतील तर ते टक्केवारीतून सरळ गळतात, ही बाजू मागे पडली. एकत्रित उत्तीर्णताही आली: गणित आणि विज्ञान मिळून 200 पैकी 70, प्रत्येकी किमान 25. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत जाता येते. 2021 मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही आणि 99.95 टक्के निकाल लागला. त्या मुलांची दहावी प्रयोगशाळेविना गेली, त्यात पाठ्यक्रमही 25 टक्के कमी केला होता. ती मुले आता सज्ञान आहेत.

मग 2024 मध्ये राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात ती तरतूद आली, जिच्यावरून गदारोळ झाला: गणित किंवा विज्ञानात 35 ऐवजी 20 गुण मिळाले तरी विद्यार्थी पुढे जाईल, पण गुणपत्रिकेवर शेरा येईल की पुढे त्याला गणित-विज्ञानावर आधारित शिक्षण घेता येणार नाही. शेरा नको असेल त्याने पुन्हा परीक्षा द्यावी.

बाजूने मांडलेला युक्तिवाद हलका नाही. दरवर्षी हजारो मुले या दोनच विषयांत अडकतात आणि शिक्षण सोडतात. ज्याला चित्रकला, भाषा किंवा एखादे कसब शिकायचे आहे, त्याला त्रिकोणमितीपायी दहावी नापासाचा शिक्का का? शिवाय एकत्रित उत्तीर्णतेमुळे उंबरठा आधीच 25 वर आलेला होता. 35 हा आकडा कागदावरच जास्त होता. विरोध करणाऱ्यांनी दर्जा घसरेल असे म्हटले. हा आक्षेप कमकुवत आहे. 20 गुण प्रात्यक्षिकाचे हाताशी असताना लेखी 80 पैकी पंधरा-सोळा मिळवणारा मुलगा आजही पास होतो. तो कोणता दर्जा राखतो?

खरा आक्षेप शेऱ्यावर घ्यायला हवा होता, आणि तो पुरेसा घेतला गेला नाही. ‘याला पुढे विज्ञान घेता येणार नाही’ असे लिहिण्यामागे एक गृहीत आहे: विज्ञान लागते ते पुढे विज्ञान घेणाऱ्यालाच. मग जो ते घेणार नाही, त्याला 20 पुरले. वास्तविक उलटे आहे. विज्ञान शाखेत जाणाऱ्याला पुढची अनेक वर्षे आहेत, त्याचे कच्चे राहिलेले भरून निघेल. जो इथेच थांबणार आहे, त्याची ही शेवटची संधी. डॉक्टरने लिहून दिलेले प्रतिजैविक दोन दिवसांत बंद करू नये, इन्व्हर्टरच्या बॅटरीत नळाचे पाणी घालू नये, मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावू नये, कारण लिंग ठरवणारे गुणसूत्र आपल्याच मुलाकडून येते. हे सगळे याच मुलाला कायमचे कळायला हवे. 1960 च्या दशकातल्या शिफारशीचा गाभाच तो होता. 20 गुणांवाल्यासाठी वेगळा, रोजच्या जगण्यातला पेपर ठेवता आला असता: दहा प्रयोग स्वतःच्या हाताने, तोंडी परीक्षा, गाइड निरुपयोगी. चर्चा मात्र 20 आणि 35 या दोन आकड्यांतच अडकून राहिली.

दहावीनंतर मुंबईत काय होते, हे सर्वांना ठाऊक आहे. मुंबई विभागात अकरावीच्या सर्वाधिक जागा वाणिज्य शाखेच्या असतात. विज्ञान शाखा सर्रास इंग्रजीतूनच, त्यामुळे मराठी माध्यमातली कितीतरी मुले विषय आवडूनही तिकडे जात नाहीत. त्यावर उपाय म्हणून सेमी-इंग्रजी आले. त्यात विज्ञानाची भाषा घरच्या भाषेपासून आणखी आधी तुटली. वाणिज्य आणि कला शाखेत उरतो पर्यावरण शिक्षण हा विषय आणि त्याचा प्रकल्प, जो बहुधा स्टेशनरीच्या दुकानातून आणलेल्या चित्रांवर उभा असतो.

पदवीला फाउंडेशन कोर्स, म्हणजे सर्वसाधारण विषयांचा एक पेपर, होता. दुसऱ्या वर्षाच्या बीकॉमला त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन, लेझर, उपग्रह, नॅनोतंत्रज्ञान असे घटक होते. दहावीत ‘प्रकाशाचे अपवर्तन’ गाइडवरून केलेल्या मुलाला चार वर्षांनी थेट लेझर. उत्तरे वर्णनात्मक, नोट्स झेरॉक्सच्या.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार 2024–25 पासून मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत ओपन इलेक्टिव्ह आले. हे विषय आपल्या शाखेबाहेरचेच घ्यायचे आहेत. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच बीकॉमच्या विद्यार्थ्याला दहावीनंतर विज्ञान स्वतंत्र विषय म्हणून निवडायची वाट उघडली आहे. पण ज्या महाविद्यालयात फक्त वाणिज्य शाखा आहे, तिथे ना प्रयोगशाळा, ना विज्ञानाचा शिक्षक. त्यामुळे विज्ञानाचा पेपर घ्यायचा तर बाहेरचा तासिका तत्त्वावरचा शिक्षक शोधायचा आणि प्रयोगाविना व्याख्यानांवर भागवायचे, नाहीतर कला शाखेतला, फळा-खडूवर भागणारा विषय द्यायचा. शेजारच्या विज्ञान महाविद्यालयाची प्रयोगशाळा दुपारनंतर रिकामी असते. ती आठवड्यातून एकदा वापरायला मिळावी यासाठी वेळापत्रक, साहित्याच्या मोडतोडीची जबाबदारी आणि प्रयोगशाळा साहाय्यकाचा जादा तास, एवढ्या तीन गोष्टींचा करार लागतो.