पेडल स्टीलचा ॲम्प आणि वॅटचा घोळ

पेडल स्टील, म्हणजे आडवी ठेवून तारांवर पोलादी बार सरकवत आणि पायातल्या पेडलांनी सूर बदलत वाजवायची विजेवरची गिटार, स्टेजवर वाजवायची तर किती वॅटचा ॲम्प घ्यावा, असं विचारलं की जुने जाणते हमखास ‘दोनशे’ म्हणतात. मग पुढचा प्रश्न येतोच: फेंडर कंपनीचा ८५ वॅटचा ट्विन रिव्हर्ब ॲम्प इतकी वर्षं कसा पुरला? दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यांच्यामधली फट कुणी नीट समजावत नाही, म्हणून आज दहा-बारा किलोचा छोटा ॲम्प घ्यायला निघालेला माणूस डब्यावरचा आकडा बघून फसतो.

सुरुवातीचा काळ झटकन उरकता येतो. विजेवरची हवाईयन गिटार १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आली. बाकीचा ताफा बहुतेक बिनविजेचा असल्याने तिला दहा-पंधरा वॅटचे व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचे) ॲम्प पुरत. पेडलं १९४० च्या आसपास लागली, पण पेडल दाबून सूर सरकवण्याची ढब १९५० च्या दशकात रुळली. आपल्याकडे ऑर्केस्ट्रामधून जी हवाईयन गिटार रुजली ती मांडीवरची किंवा स्टँडवरची. पेडलवालं वाद्य इथे फारसं आलंच नाही. त्यामुळे पुण्यात भाड्याच्या बॅकलाइनमध्ये (कार्यक्रमासाठी मिळणाऱ्या ॲम्प-वाद्यांच्या संचात) पेडल स्टीलसाठी खास बनवलेला ॲम्प मिळेल अशी आशा ठेवू नये. मिळतो तो सहा तारांच्या गिटारचा नाहीतर कीबोर्डचा.

गिटारचा ॲम्प इथे कमी पडतो, कारण त्याला आवाज फाटण्याची (डिस्टॉर्शनची) मुभा असते. गिटारवाल्याला थोडं फाटणं हवंच असतं. स्टीलवर दोन-तीन तारा एकत्र छेडल्या आणि ॲम्प फाटला, की त्या सुरांच्या बेरीज-वजाबाकीतून तिसरेच सूर उमटतात आणि सुरेल लावलेली जोडीसुद्धा बेसूर वाटते. त्यात स्टीलचं पिकअप, म्हणजे तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग, दणकट. सिंगल कॉइल असूनही त्याचा रोध १७-१८ किलोओहमपर्यंत जातो. नेहमीच्या सिंगल कॉइल गिटारचा साधारण सहा असतो. म्हणजे ॲम्पच्या पहिल्याच टप्प्यावर गिटारपेक्षा कितीतरी जोरकस सिग्नल आदळतो.

दुसरं कारण पायाखाली असतं. स्टीलवाला व्हॉल्यूम पेडल (आवाज कमी-जास्त करणारं वेगळं पेडल) अर्धवट मागे ठेवून तार छेडतो आणि सूर विरत जाईल तसा पेडल पुढे रेटतो. सूर लांबतो तो असा. त्यासाठी ॲम्पचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते प्रमाण) मुळातच चढा ठेवावा लागतो. पेडल पुढे असतानाच जोरात छेडलं गेलं, तर सरासरी पातळीच्या वर १० डेसिबलची उसळी सहज येते. १० डेसिबल म्हणजे दहापट पॉवर. सरासरी वादनाला १० वॅट लागत असतील तर त्या उसळीला १०० वॅट हवेत, आणि तेही स्वच्छ. हेडरूम म्हणतात ते हेच.

१९६३ च्या सुमाराचा ट्विन रिव्हर्ब या हिशेबात पहिल्यांदा नीट बसला. चार ६एल६ व्हॉल्व्ह, १२ इंची दोन स्पीकर, वजन २९ किलोच्या आसपास. त्याच काळात १५ इंची स्पीकरची मोठी पेटी घेणारेही होते. पण स्टीलचा ॲम्प अशी वेगळी जात तयार झाली ती १९७० च्या दशकाच्या मध्यावर, ट्रान्झिस्टर आल्यावर. पीव्ही कंपनीचा सेशन ४०० हा त्यातला गाजलेला: २०० वॅट, १५ इंची एक स्पीकर. १९८० च्या दशकात त्याच कंपनीचा नॅशव्हिल ४०० आला आणि पुढची वीस वर्षं तोच मापदंड झाला. त्याचं खरं कौतुक पॉवरपेक्षा मिड कंट्रोलचं (मधल्या फ्रीक्वेन्सी कमी-जास्त करणाऱ्या बटणाचं) व्हायला हवं. मिडची जागा सरकवता येते आणि ८०० हर्ट्झच्या आसपास तो खाली ओढला की स्टीलचा नाकातला आवाज जातो. आजही कुठलाही छोटा ॲम्प तपासताना ही सोय आहे का ते आधी बघावं. ठरलेल्या ४०० किंवा ५०० हर्ट्झवर अडकलेलं मिडचं बटण उपयोगाचं नाही. तिथे कापलं तर आवाजाचं अंगच जातं.

या पिढीचा एक दोष पुण्याच्या पावसाळ्यात हटकून डोकं वर काढतो. नॅशव्हिल ४०० च्या मागे प्रीॲम्प आउट आणि पॉवर ॲम्प इन असे दोन जॅक (म्हणजे इफेक्ट लूप, मध्ये बाहेरचं उपकरण जोडायची सोय) आहेत. इनच्या जॅकमध्ये काही घातलं नसेल तर सिग्नल त्यातल्याच पातळ पत्रीच्या संपर्कातून पुढे जातो. दमट हवेत ती पत्री गंजली की आवाज मधूनच बसतो, मोठा सूर वाजवला की परत येतो. लोक पॉवर ट्रान्झिस्टर बदलत बसतात. उपाय इतकाच: त्या दोन जॅकांमध्ये एक वीतभर पॅच केबल कायमची लावून ठेवायची. इफेक्ट लूप असलेल्या बहुतेक ॲम्पांना हाच नियम लागतो.

आता वॅट. एका पिढीला वॅटचा धडा टेपरेकॉर्डरने शिकवला. १९९० च्या दशकात खेळण्याएवढ्या स्पीकरांवर ‘पीएमपीओ’ लिहून हजाराच्या घरातले आकडे छापलेले असत. आवाजाची क्षणिक शिखरं कशीही मोजून, वर वाटेल त्याने गुणून तो आकडा यायचा. अमेरिकेत घरगुती ऑडिओच्या जाहिरातींसाठी १९७४ मध्येच नियम झाला होता: सलग किती वॅट, किती ओहमवर, कुठल्या फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यात आणि किती डिस्टॉर्शनसह, हे सांगा. वाद्यांचे ॲम्प त्या नियमाच्या कक्षेबाहेर राहिले आणि अजूनही प्रत्येक जण आपापल्या सोयीने मोजतो.

‘व्हॉल्व्हचे वॅट जास्त वाजतात’ हा समज याच मोकळ्या रानात वाढला. त्यात अर्धं तथ्य आहे. व्हॉल्व्ह ॲम्प मर्यादेपलीकडे गेला तर हळूहळू फाटतो, म्हणून गिटारवाला तो मर्यादेच्या पुढे नेऊन वाजवतो आणि छापील वॅटपेक्षा जास्त काढून घेतो. स्टीलवाल्याला ती मुभाच नाही, त्याला मर्यादेच्या आतच राहायचंय. मग ट्विनचे ८५ वॅट २०० च्या बरोबरीला कसे उभे राहत?

उत्तर स्पीकरमध्ये आहे. पॉवर दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात. ८५ वरून २०० वर गेलं तर मिळतात फक्त ३.७. दुसरीकडे, तेवढीच पॉवर एकाऐवजी शेजारी ठेवलेल्या दोन सारख्या स्पीकरांना दिली, की निदान खालच्या पट्ट्यात साधारण ३ डेसिबल वाढतात. म्हणजे दोन स्पीकरांचा ८५ वॅटचा ट्विन तसल्याच एका स्पीकरवरच्या १७० वॅटच्या तोडीचा झाला. व्हॉल्व्हची जादू म्हणून जे खपवलं जातं त्याचा मोठा हिस्सा हा इतका साधा आहे. छोट्या ॲम्पच्या बाबतीत तो नेमका उलटा फिरतो, कारण आकार कमी करताना पहिला बळी जातो दुसऱ्या स्पीकरचा.

म्हणून स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघायची. १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल, हा तो आकडा. ९७ चा स्पीकर १०० वॅटवर ११७ देईल. १०० चा स्पीकर तेवढ्यासाठी ५० च वॅट मागेल. निओडिमियम चुंबकांनी इथे मोठी सोय केली. सेन्सिटिव्हिटी न गमावता एका स्पीकरमागे दोन-तीन किलो वाचले.

ओहमचा सापळा याहून वाईट. डब्यावर ‘२०० वॅट’ असेल तर ते बहुधा ४ ओहमवरचे असतात. तोच ॲम्प ८ ओहमच्या स्पीकरला जोडला की जेमतेम १०० ते १२० निघतात, कारण ॲम्पचं व्होल्टेज तेवढंच राहतं आणि रोध दुप्पट झाल्यावर पॉवर निम्म्यावर येते. पुण्यातल्या दुकानांत १२ इंची सुटे कॅबिनेट मिळतात ते बहुतेक ८ किंवा १६ ओहमचे. हेड (स्पीकरशिवायचा ॲम्प) एकीकडून आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) दुसरीकडून घेऊन ‘हा २०० वॅटवाला काही वाजत नाही’ म्हणणारे याच कारणाने म्हणतात. ४ ओहमचा एक स्पीकर घ्यावा, नाहीतर ८ ओहमचे दोन समांतर जोडावेत. व्हॉल्व्ह ॲम्पला मात्र हा हिशेब लावू नये. तिथे ट्रान्सफॉर्मरवर जो ओहम लिहिलाय तोच जोडायचा.

आकार खरोखर कमी झाला तो क्लास डी आल्यावर, म्हणजे ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून कमी तापणारे हलके ॲम्प आल्यावर. २००० नंतर आलेला नॅशव्हिल ११२ हा मधला टप्पा होता: १२ इंची स्पीकर, ८० वॅट, वजन वीस किलोच्या आसपास. लहान जागेत चांगला, जोरकस ड्रमरपुढे मात्र दम लागणारा. २०१० नंतर खास स्टीलसाठी बनवलेले २०० वॅटचे क्लास डी ॲम्प आले. २०१९ मध्ये ट्विनचंच डिजिटल रूप आलं. त्यात २०० वॅटचा क्लास डी टप्पा आहे, पण तो ८५ वॅटच्या ट्विनसारखं वागण्यासाठी. वजन १५ किलोच्या आसपास. इतका मोठा आकडा लागला तो ती जुनी हेडरूम राखायला.

बारा की पंधरा इंच, हा वाद उगाच ताणला जातो. पेडल स्टीलची दोन रूढ ट्यूनिंगं म्हणजे ई-नाइन आणि सी-सिक्स; डबल नेक वाद्यावर दोन्ही असतात. ई-नाइनची सर्वांत खालची तार १२३ हर्ट्झची. तिला १२ इंच भरपूर झाले. सी-सिक्सची खालची तार ६५ हर्ट्झची, आणि पेडलने ती ५५ पर्यंत उतरते. तिथे छोट्या पेटीतला १२ इंची गुदमरतो. सिंगल नेक ई-नाइनवाल्याने १५ इंच वाहून नेण्याचं कारण नाही. डबल नेकवाल्याचं वाद्यच तीस किलोच्या घरात जातं, त्याला तसाही टेम्पो करावा लागतो. सिंगल नेकचा माणूस मात्र वाद्य रिक्षाने पाठवून आणि ॲम्प दुचाकीच्या पायरीवर ठेवून कोथरूडहून कल्याणीनगरला जाऊ शकतो. ४० सेंटीमीटर रुंदी आणि १२ किलो ही त्या पायरीची व्यवहार्य हद्द.

बॅकलाइनवरच भागवायचं असेल तर १९७५ पासून बनत असलेला रोलँड कंपनीचा जेसी-१२० हा त्यातल्या त्यात बरा. स्वच्छ आहे, पण त्याचे १२० म्हणजे ६० अधिक ६०. लो इनपुट वापरावा, ब्राइट आणि कोरस बंद ठेवावेत, ट्रेबल पडतं घ्यावं. कीबोर्ड ॲम्पमध्ये हेडरूम भरपूर असते, पण त्याच्या इनपुटचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा रोध) दोन आकडी किलोओहमच असतो आणि स्टीलचं पिकअप तिथे थेट लावलं की आवाजावर घोंगडी पडते. त्यामुळे मध्ये बफर, म्हणजे पिकअपवरचा भार काढून घेणारं छोटं सर्किट, लागतो. तो पिकअप आणि व्हॉल्यूम पेडलच्या मध्येच बसवावा. ५०० किलोओहमचं पॅसिव्ह पेडल आणि सहा मीटर केबल मिळून वरचे सूर खातात, आणि पेडल मागे घेतलं की जास्तच खातात. बफर पेडलच्या नंतर, ॲम्पच्या बाजूला लावला तर पिकअपवरचा पेडलचा भार तसाच राहतो. कीबोर्ड ॲम्पचा हॉर्न (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) बंद करता आला तर करावा, नाहीतर बारचं घासणं पहिल्या रांगेपर्यंत जातं.

विजेचं गणित वेगळंच आहे. बाहेरून आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प इथे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतो. तपकीर गल्लीत तो मिळतो, पण तीन पिनांचा आणि अर्थ पुढे नेणाराच घ्यावा; दोन पिनांच्या ट्रान्सफॉर्मरवर ॲम्पची पत्र्याची चेसिस बेवारशी राहते. ॲम्पच्या मागे जेवढे वॅट खपत म्हणून लिहिलेत ट्रान्सफॉर्मरची क्षमता त्याच्या दुपटीच्या व्हीएची (व्होल्ट-अँपियरची) हवी. फक्त ६० हर्ट्झसाठी बनलेला ॲम्प असेल तर व्होल्टेज बरोबर असूनही ५० हर्ट्झवर त्याच्या आतला ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. १०० ते २४० व्होल्टवर चालणारा क्लास डी घेतला की यातलं काहीच उरत नाही, आणि जनरेटरचं व्होल्टेज १९० वर आलं तरी तो तक्रार करत नाही. छोट्या ॲम्पच्या बाजूने माझ्या मते हा सर्वांत मोठा मुद्दा आहे, वजनाहूनही.

गणपतीच्या मांडवात प्लग घालण्याआधी मल्टिमीटर लावावा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थ याहून जास्त दाखवत असेल किंवा फेज-अर्थ २३० च्या जवळपासही येत नसेल, तर अर्थिंगचा भरवसा धरू नये आणि वायरमनला बोलवावं. हम येतोय म्हणून प्लगची अर्थची पिन तोडणं हा जीवघेणा प्रकार आहे. हम मिक्सरला जोडल्यावरच येत असेल तर ट्रान्सफॉर्मरवाल्या डीआय बॉक्सचं (सिग्नल मिक्सरकडे नेणाऱ्या छोट्या पेटीचं) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे सिग्नल केबलचा अर्थ तोडणारं बटण, वापरावं. ॲम्प एकटा असतानाही येत असेल तर तो पिकअप ओढतंय. डिमरवरचे दिवे आणि एलईडी वॉल यांच्यापासून दोन मीटर सरकावं, वाद्य थोडं फिरवून बघावं. बसल्या जागी ३० अंश फिरवल्यावर निम्मा हम गेला असंही होतं.

डीआयची लाइन ॲम्पच्या स्पीकर-सिम्युलेशन असलेल्या आउटपुटमधून द्यावी. ती सोय नसेल तर स्पीकरपुढे माइक. पिकअपवरून थेट मिक्सरला दिलेलं स्टील तारेच्या कुंपणासारखं वाजतं, आणि व्हॉल्यूम पेडलच्या आधीच लाइन काढलेली असेल तर पायाचं सगळं काम हॉलमध्ये पोचतच नाही. साउंडवाल्यांना वाद्य नवं असतं. साउंड चेकला त्यांना एकच सांगून ठेवावं: मीटर सतत वरखाली होणार आहे, त्यावर कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार सपाट करणारं उपकरण) लावू नका.