पोस्टग्रेस्क्यूएलचा व्यावसायिक सॉफ्टवेअरने बॅकअप

पोस्टग्रेस्क्यूएल या मुक्तस्रोत डेटाबेसचा बॅकअप नेटबॅकअप, कॉमव्हॉल्ट, वीम अशा परवाना घेऊन वापरायच्या सॉफ्टवेअरने घेण्याची पद्धत. डेटाबेस फुकट आणि बॅकअप विकतचा, हे वरवर विचित्र वाटते. पण मोठ्या डेटा सेंटरमध्ये ओरॅकल डेटाबेसपासून व्हर्च्युअल मशीनपर्यंत (एका संगणकावर सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक) सगळ्यांचा बॅकअप आधीच अशा एका सॉफ्टवेअरकडे असतो. ऑडिटचे अहवालही तिथूनच निघतात. पोस्टग्रेस मागाहून येतो आणि त्याच वेळापत्रकात बसवला जातो.

चालू सर्व्हरची डेटा डिरेक्टरी नुसती कॉपी करून भागत नाही. कॉपी संपेपर्यंत सुरुवातीच्या फायली बदललेल्या असतात. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी राइट-अहेड लॉगमध्ये, म्हणजे ‘वॉल’मध्ये लिहितो. एरवी 16 एमबीच्या असणाऱ्या या वॉल फायली मूळ प्रतीसोबत जपल्या, तर रिस्टोअर करताना डेटाबेस हव्या त्या क्षणापर्यंत आणता येतो. ही सोय 2005 मधल्या 8.0 आवृत्तीपासून आहे.

घोळ होतो तो प्री-स्क्रिप्ट आणि पोस्ट-स्क्रिप्टपाशी, म्हणजे सॉफ्टवेअर बॅकअपच्या आधी आणि नंतर चालवते त्या आज्ञांच्या फायलींपाशी. पूर्वी पहिलीत ‘पीजी_स्टार्ट_बॅकअप’ आणि दुसरीत ‘पीजी_स्टॉप_बॅकअप’ ही पोस्टग्रेसची फंक्शन टाकली की काम होई. मात्र त्या रीतीत ‘बॅकअप_लेबल’ ही बॅकअप कुठून सुरू झाला ते नोंदवणारी फाइल चालू डिरेक्टरीतच पडून राही, आणि बॅकअप सुरू असताना सर्व्हर कोसळला तर तिच्यामुळे तो पुन्हा सुरू होताना अडू शके. 2022 मधल्या 15 व्या आवृत्तीने ती रीत काढून टाकली आणि फंक्शनची नावेही बदलून ‘पीजी_बॅकअप_स्टार्ट’ व ‘पीजी_बॅकअप_स्टॉप’ केली. आता दोन्ही एकाच कनेक्शनमधून चालवावी लागतात. कनेक्शन तुटले की बॅकअप रद्द. दोन सुट्या स्क्रिप्टना हे सहजी जमत नाही. त्यामुळे बॅकअप सॉफ्टवेअरचा खास पोस्टग्रेससाठीचा एजंट (सर्व्हरवर बसवायचा छोटा प्रोग्रॅम) वापरावा, नाहीतर पोस्टग्रेसच्याच ‘पीजी_बेसबॅकअप’ या साधनाने प्रत काढून तो फोल्डर सॉफ्टवेअरच्या हवाली करावा. लहान डेटाबेसला दुसरा मार्गच बरा, त्यात बिघडण्यासारखे कमी असते.

वॉल फाइल बॅकअपकडे पोचली नाही तर पोस्टग्रेस ती टाकून देत नाही, पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. बॅकअप सर्व्हर बराच वेळ बंद राहिला की वॉल फायली ठेवायची ‘पीजी_वॉल’ डिरेक्टरी फुगते, डिस्क भरते आणि शेवटी डेटाबेसच थांबतो. बिघाड बॅकअपचा, फोन मात्र डीबीएला, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याला.

व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉटही, म्हणजे डिस्कची एका क्षणाची प्रतही, चालते. फक्त डेटा आणि वॉल वेगवेगळ्या डिस्कवर असतील, तर दोन्हींचा स्नॅपशॉट नेमका एकाच क्षणाचा हवा.