पडवीतला उसना हिवाळा

मे महिन्यात मामेबहीण सिमल्याहून आली ती एक कुंडी मांडीवर घेऊन. कुंडीत दीड फुटाचं क्रॅबॲपलचं कलम. क्रॅबॲपल म्हणजे सफरचंदाचंच धाकटं भावंड, मॅलस याच प्रजातीतलं. फळ दोन इंचांपेक्षा मोठं होत नसेल तर झाडाला क्रॅबॲपल म्हणायचं, एवढाच काय तो बागाईतदारांचा ढोबळ नियम. सफरचंदाच्या बहुतेक वाणांना स्वतःचा पराग चालत नाही, म्हणून हिमाचलातल्या बागांमध्ये अधूनमधून ही झाडं मुद्दाम लावतात; ती फुलतात भरभरून आणि परागही सढळ हाताने देतात. रोपवाटिकेतल्या माणसाने बहिणीला सांगितलं होतं, "कुठेही येतं, फक्त खत घालत राहा."

येतं खरं. फुलत नाही.

गुहागरला आमच्या खळ्यात ते दोन वर्षं नुसतं उभं राहिलं. फांदीच्या टोकाला पानांचा एक झुबका आणि त्याखाली वीतभर नागडी काठी. आईने शेणखत घातलं, मासळी धुतलेलं पाणी घातलं, शेवटी शेजारच्या काकांकडून कलमांना घालायचं मिश्र खत आणलं. झाड ढिम्म. ते उपाशी नव्हतंच मुळी. काठीवरचे डोळे झोपलेले होते आणि त्यांना उठवणारी गोष्ट कोकणात मिळत नाही.

सफरचंदाच्या कुळातली झाडं हिवाळ्यात पानं गाळतात आणि कळ्या मिटून बसतात. ही झोप साधी नसते. कळीतल्या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या सूक्ष्म वाटा कॅलोज नावाच्या पदार्थाने बुजतात, त्यामुळे बाहेरून कितीही ऊब आली तरी 'ऊठ' हा निरोप आत पोचत नाही. आणि हे बरंच आहे. जानेवारीत चार दिवस ऊन पडलं म्हणून कळी फुलली असती तर पुढच्या बर्फात जळून गेली असती. म्हणून झाड थंडी मोजतं. साधारण ० ते ७.२ अंश सेल्सिअस या पट्ट्यातला प्रत्येक तास जमा होत जातो. नेहमीच्या सफरचंदाला असे हजाराच्या आसपास तास लागतात. 'ॲना'सारख्या कमी थंडीच्या वाणाचं दोन-तीनशेत भागतं. हिशेब पुरा झाला की मगच ऊब कामाची. मेक्सिकोतलं एक पीचचं झाड असं झोपतच नाही. त्याची जनुकं तपासली तेव्हा ओळीने असलेल्या सहा जनुकांच्या साखळीतला एक तुकडाच गळालेला आढळला. झोपेची किल्ली बरीचशी तिथे असते.

आता आमचा हिशेब. रत्नागिरीकडे ऐन जानेवारीतली रात्रही अठरा-एकोणीस अंशांची. दापोलीत पारा दहाच्या खाली आला तर पेपरात बातमी येते. म्हणजे खात्यावर जमा शून्य.

काका म्हणाले, "आमच्या हापूसलाही थंडी लागतेच की." लागते, पण वेगळ्या कामाला. आंब्याला थंड रात्री हव्यात त्या मोहोर *बनायला*. जून झालेल्या काडीतून पालवी फुटायची की मोहोर, हे तेव्हा ठरतं. क्रॅबॲपलची फुलाची कळी आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन बसलेली असते. तिला थंडी हवी ती जाग यायला. म्हणून हापूसचं पंधरा-अठरा अंशांवर भागतं आणि या पाहुण्याचं भागत नाही.

मग करायचं काय? इंडोनेशियात पूर्व जावामधल्या मलांग भागात, विषुववृत्तापासून जेमतेम आठ अंशांवर, सफरचंदाच्या बागा आहेत. तिथले शेतकरी तोडणीनंतर महिनाभराने झाडाची पानं हातांनी खुडून टाकतात. सफरचंदाला झोप लागते तीही थंडीनेच, दिवस लहान होण्याशी तिचा फारसा संबंध नाही. थंडीच नाही म्हटल्यावर कळी गाढ झोपेत जाण्याआधीच तिला हलवायचं. वर्षाला दोन पिकं निघतात. आपल्या नाशिकचे द्राक्षवाले ऑक्टोबर छाटणीत जे करतात, त्याच्याच जवळचा हा प्रकार. मलांगच्या बागा डोंगरावर आहेत, आपण समुद्रसपाटीला, हा फरक मात्र लक्षात ठेवायचा.

नोव्हेंबरात मी सगळी पानं देठ ठेवून खुडली आणि उभ्या फांद्यांना सुतळीने दगड बांधून त्या आडव्या केल्या. उभ्या फांदीचा शेंडा ऑक्झिन हे संप्रेरक खाली पाठवून बाकीच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. फांदी वाकली की ही दादागिरी सैल पडते. तीन आठवड्यांत नागड्या काठीवर जागोजाग हिरवे ठिपके दिसले. फुलं मात्र नाहीत.

मधल्या पावसाळ्यात झाड जवळजवळ गेलंच होतं, ते एका घरगुती समजुतीमुळे. कुंडीच्या तळाला चिऱ्याचे तुकडे घातले की निचरा होतो, असं आपण धरून चालतो. होत नाही. भांडी घासायचा नवा स्पंज पाण्यात बुडवा आणि तळहातावर आडवा धरा. गळायचं ते गळेल आणि थांबेल. आता तोच उभा धरा, पुन्हा धार लागेल. स्पंज तोच, वाढली ती उंची. बारीक छिद्रांत पाणी केशाकर्षणाने अडून बसतं, त्यामुळे प्रत्येक कुंडीच्या तळाशी मातीचा एक चिंब थर राहतोच. खाली मोठे तुकडे घातले तर बारीक मातीतलं पाणी त्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. चिंब थर तेवढाच राहतो, वर सरकून मुळांना भिडतो. मुळांना हवा मिळेना, पानं पिवळी. मी तुकडे काढून टाकले, उंच मातीची कुंडी घेतली, लाल मातीत नदीची जाड वाळू आणि शेणखत मिसळलं, आणि कुंडी पागोळ्यांपासून दूर पडवीत आणली. समुद्राची वाळू नको, आणि विहिरीचं पाणी मचूळ असेल तर तेही नको. मिठाने पानांच्या कडा करपतात.

तिसऱ्या वर्षी पानं खुडून कुंडीच उचलली आणि पडवीतल्या जुन्या फ्रिजमध्ये ठेवली. चार अंश, पंचेचाळीस दिवस, म्हणजे १०८० तास. पानं नसल्यामुळे उजेड लागत नाही. माती जेमतेम ओलसर ठेवायची, आणि फ्रिजची हवा कोरडी असते म्हणून फांद्यांभोवती भोकं पाडलेली पिशवी. आत केळी-चिकू अजिबात ठेवायचे नाहीत. पिकणाऱ्या फळातून निघणारा इथिलीन वायू कळ्या मारतो. आईची तक्रार वेगळीच होती. "अरे, मग माझे बांगडे कुठे ठेवू?"

जानेवारीच्या अखेरीस कुंडी बाहेर काढली, आठवडाभर सावलीत ठेवली. फेब्रुवारीत गुलाबी कळ्यांचे पाच घोस आले, उमलल्यावर पांढरे. मी रंगाच्या ब्रशने पराग फिरवला. काही क्रॅबॲपलना स्वतःचा पराग थोडाफार चालतो, याला चालला असावा. चार फळं धरली. मार्चच्या उकाड्यात तीन गळाली. चौथं जूनमध्ये बोराएवढं होऊन लाल झालं. आईने दातांनी अर्धं तोडलं, डोळे घट्ट मिटले, आणि उरलेलं अर्धं आमसुलाऐवजी चुलीवरच्या कालवणात टाकलं.