मेणबत्ती विझल्यावर पाणी पेल्यात का चढते?

ताटातील रंगीत पाण्यात पेटती मेणबत्ती उभी करून तिच्यावर काचेचा पेला पालथा घातला, की थोड्याच वेळात ज्योत विझते आणि ताटातील पाणी पेल्यात चढते. मोठ्यांच्या देखरेखीखाली आणि पंखा, कूलर बंद ठेवून उन्हाळ्याच्या सुट्टीत सहज करता येईल असा हा प्रयोग आहे. मात्र त्याचे मुलांना नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण चुकीचे आहे. ज्योतीने पेल्यातील प्राणवायू संपवला आणि त्याची रिकामी जागा पाण्याने भरली, असे सांगितले जाते. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो आणि पाणीही कधीकधी पेल्याच्या पाचव्या हिश्शापर्यंत चढते, त्यामुळे हा हिशेब पटतोही.

प्रत्यक्षात पेल्यातील प्राणवायू संपत नाही. त्याचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर उतरले, की मेणबत्ती विझते, आणि जळालेल्या प्राणवायूच्या जागी कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ तयार झालेली असते. मुलांना नीट निरीक्षण करायला सांगावे: ज्योत जळत असताना पाणी फारसे हलत नाही, ते झपाट्याने चढते ते ज्योत विझल्यानंतर. एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्या तर पाणी अधिक चढते, आणि पेल्यातील प्राणवायू तर तेवढाच असतो.

खरे कारण उष्णता आणि हवेचा दाब यांत आहे. ज्योतीजवळची हवा तापून प्रसरण पावते आणि तिचा काही भाग पेल्याबाहेर निसटतो. काठाशी येणारे बुडबुडे हीच त्याची खूण. ज्योत विझल्यावर आतली हवा निवते, वाफेचे पाणी होते, आतला दाब घटतो आणि बाहेरची हवा ताटातील पाण्याला आत ढकलते. ही बाहेरची हवा दुबळी नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर असल्यामुळे येथील दाब किनाऱ्यापेक्षा साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी भरतो, तरीही दर चौरस सेंटीमीटरवर तो जवळजवळ एक किलो वजनाइतका असतो. म्हणजे सात सेंटीमीटर व्यासाच्या पेल्याच्या तोंडाएवढ्या जागेवर हवा सुमारे ३८ किलोंचा भार टाकत असते.

प्राणवायूचा प्रश्नच उरू नये, यासाठी ज्योतीशिवायची एक परीक्षा घ्यावी, आणि तिला नवतप्यातले, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतले, नागपूरचे ऊन फार उपयोगी पडते. पातळ प्लॅस्टिकची एक लिटरची कोरडी, रिकामी बाटली झाकण काढून दुपारी गच्चीवर तापू द्यावी, तेथेच झाकण घट्ट लावावे आणि ती फ्रिजमध्ये ठेवावी. काही वेळाने बाटलीच्या बाजू आत दबलेल्या दिसतात. येथे काहीही जळालेले नाही. हवा केवळ थंड झाली आहे. आतली हवा ५० अंशांवरून १० अंशांवर आली असेल, तर तिचे आकारमान सुमारे आठव्या हिश्शाने घटते. ते मोजायचे असल्यास फ्रिजमधून काढताच बाटली थंड पाण्याच्या बादलीत पालथी बुडवून झाकण उघडावे, बाटली पूर्ववत फुगून पाणी आत शिरले, की पाण्यातच झाकण लावावे आणि आतले पाणी मापात ओतावे. ते साधारण १२० मिलीलीटरच्या आसपास भरायला हवे.